पाचशे रुपयांचा महिना

फिजिक्सच्या वहीची शेवटची पानं त्याने उभ्या रेघा मारून आखून घेतली आहेत. अंकाचं नाव, भाषा, पानं, छापील किंमत, टपालखर्च, येण्याची तारीख. सगळ्यांत उजवीकडे एक अरुंद रकाना आहे आणि त्यावर लिहिलंय, ‘थांबता येईल?’ वही भोईवाड्यात आमच्याच मजल्यावर राहणाऱ्या अकरावीतल्या मुलाची. वडील परळच्या एका इस्पितळात कामाला, आई घरी ब्लाउज शिवते. इमारतीतल्या दोन लहान मुलांना तो गणित शिकवतो. त्याचे महिन्याला हजार रुपये येतात. पाचशे आईच्या हातात जातात, पाचशे कॉमिक्सला.

दर महिन्याच्या अखेरीला तो पुढल्या महिन्यात काय काय येणार याची यादी करतो. मी पाहिली त्या यादीत ‘वन पीस’ या जपानी मांगाचे, म्हणजे कॉमिक्सचे, दोन खंड होते, बॅटमॅनच्या नव्या मालिकेचं संकलन होतं, डोगाच्या जुन्या हिंदी अंकांचं पुनर्मुद्रण होतं, एका छोट्या भारतीय प्रकाशकाची भयकथा होती, आणि धाकट्या बहिणीसाठी अमर चित्रकथेचे दोन मराठी अंक. बेरीज तीन हजारांच्या वर गेली होती. ती पाचशेवर आणायला त्याला आठवडा लागतो, आणि तो आठवडा पाहण्यासारखा असतो.

प्रकाशक नव्या पुस्तकाची चार-पाच पानं नमुन्यादाखल दाखवतात. बहुतेक लोक ती बोटाने सरकवून पुढे जातात. हा पोरगा त्यांवर तांदूळ निवडायला बसल्यासारखा बसतो. एका नमुन्याच्या पानावर बोट ठेवून मला म्हणाला, “काका, हे बघा. सहा चौकटी आहेत, त्यांतल्या चार चौकटींत मागे काहीच काढलेलं नाही. नुसता रंग भरलाय. पुढे पण असंच असणार.” दुसऱ्या एका पुस्तकाच्या श्रेयनामावलीत दोन चित्रकारांची नावं होती. त्यावरून त्याने ताडलं, की पहिल्या चित्रकाराने निम्म्यात काम सोडलेलं आहे. गोष्ट या पुस्तकात पुरी होते की ‘पुढील भागी’ आहे, हे तो आधी शोधतो, कारण पुरी होत नसेल तर आज घेतलेलं पुस्तक म्हणजे पुढच्या महिन्याचं कर्ज. हे सगळं त्याला कुणी शिकवलेलं नाही. खिशात पाच हजार असते तर ते शिकायची त्याला गरजही पडली नसती.

मला या लेखात जे सांगायचंय ते त्या वहीमुळेच सुचलं. आपल्याकडे कॉमिक्स जगली ती असल्या वाचकांच्या जिवावर, आणि आज कॉमिक्सचा व्यवहार ज्या रीतीने चालतो त्यात नेमकी याच वाचकाची जागा आकसत चालली आहे. मराठीत तर ती जागा आणखीच लहान आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आगामी अंकांची यादी आधी जाहीर करण्याची आजची पद्धत अमेरिकेत रुजली, ती दुकानदारांसाठी. तिथे कॉमिक्स पूर्वी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात आणि न खपलेला माल प्रकाशकाकडे परत जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फिल सुलिंग या शिक्षकाने प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला, की मला जास्त सवलत द्या, मी माल परत पाठवणार नाही. प्रकाशकांना ते मानवलं. पण परत करता येत नाही म्हटल्यावर दुकानदाराला मागणी नेमकी नोंदवावी लागते, आणि ती नोंदवायची तर काय येणार हे दोन महिने आधी कळावं लागतं. त्यातून जाडजूड मासिक सूचिपत्रं निघाली. बाल्टिमोरच्या स्टीव्ह गेप्पी यांनी १९८२मध्ये काढलेल्या डायमंड या वितरण कंपनीचं ‘प्रिव्ह्यूज’ हे सूचिपत्र पुढे सगळ्या धंद्याचं पंचांग होऊन बसलं. दुकानदार ते गिऱ्हाइकांसमोर टाकत, गिऱ्हाईक खुणा करी, आणि त्याच्या नावाचा गठ्ठा दर बुधवारी बाजूला काढून ठेवला जाई.

ही रचना गेल्या काही वर्षांत खिळखिळी झाली. करोनाच्या वर्षात, २०२०मध्ये, डीसी या बड्या प्रकाशकाने डायमंडला सोडलं, दुसऱ्या वर्षी मार्व्हल गेलं, आणि जानेवारी २०२५मध्ये डायमंडने अमेरिकी न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. तपशील अमेरिकेचा असला तरी त्यामागची गोष्ट भोईवाड्यापर्यंत येते. न खपण्याची जोखीम आधी प्रकाशकाची होती. ती दुकानदारावर आली, आणि दुकानदाराने ती गिऱ्हाइकाच्या आगाऊ शब्दावर टाकली.

आपल्याकडच्या छोट्या प्रकाशकांनी मधला दुकानदारच काढून टाकला. कॉमिक्सची दुकानं आपल्याकडे जवळपास नाहीतच. म्हणून पुस्तक जाहीर करायचं, आगाऊ पैसे घ्यायचे, किती पैसे आले ते बघून छापायचं. वेडापायी हे काम करणाऱ्या या मंडळींबद्दल मला आदर आहे, त्यांच्याकडेही भांडवल नसतं. पण मग छपाईचं भांडवल कोण पुरवतं? शिकवणी घेणारा अकरावीतला मुलगा. गेल्या वर्षी त्याने एका प्रकाशकाकडे साडेतीनशे रुपये आगाऊ भरले. पुस्तक दोन महिन्यांत येणार होतं, ते सात महिन्यांनी आलं. पुस्तक चांगलं निघालं, त्याची त्याबद्दल तक्रार नाही. पण साडेतीनशे रुपये सात महिने अडकले म्हणजे त्याच्या हिशेबात काय होतं, हे ज्याने महिन्याला पाचशे मोजलेत त्यालाच कळेल. ज्याला परवडतं त्याला आगाऊ नोंदणीवर सही केलेली प्रत, पोस्टर, स्टिकर मिळतात. थांबणाऱ्याला पुष्कळदा पुस्तकच मिळत नाही, कारण मोजक्याच प्रती छापलेल्या असतात.

एक काळ असा होता की थांबणाऱ्याला सगळ्यांत स्वस्त मिळत असे.

मार्च १९६४मध्ये बोरीबंदरच्या टाइम्सच्या इमारतीतून बेनेट, कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिला अंक वेताळाचा, किंमत ६० पैसे. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक असं ते १९९०पर्यंत चाललं, आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही निघत असे. महाबली वेताळ, जादूगार मँड्रेक आणि १९७६पासून आबिद सुरतींचा बहादूर. डोंगरीत वाढलेल्या लेखकाचा हा देशी नायक डाकूंशी लढणारा होता आणि गिरणगावातल्या पोरांना तो परक्या जंगलातल्या वेताळाइतकाच आवडायचा. पुढे कोणता अंक येणार त्याची जाहिरात अंकातच असायची, आणि ते पान मूळ गोष्टीपेक्षा जास्त वेळा वाचलं जायचं. पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ आधी अंगठ्याएवढ्या आकारात पाहायला मिळे. त्या एवढ्याशा चित्रावरून सबंध गोष्ट रचण्याचा उद्योग आम्ही गॅलरीत बसून करत असू, आणि खरा अंक आला की पुष्कळदा आमचीच गोष्ट सरस निघे.

विकत घेणारा मात्र दहा-वीस खोल्यांत एखादाच. बाकीचे सगळे वाचणारे. रस्त्याच्या कडेला दोरीवर चिमटे लावून टांगलेली कॉमिक्स भाड्याने मिळत. दिवसाचं भाडं वेगळं, तिथेच बाकावर बसून वाचलं तर कमी. मे महिन्यात चाळीचाळींतून पोरं स्वतःची लायब्ररी काढत. खाटेवर किंवा गोणपाटावर आपली कॉमिक्स मांडायची, कोऱ्या कागदाचं कव्हर घालून नंबर टाकायचे, आणि शाळेच्या वहीत देवघेव लिहायची. दहा पैशांत तिथल्या तिथे, पंचवीस पैशांत घरी. जमलेल्या पैशांतून पुढच्या आठवड्याचा अंक. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या चाळीत नेहमीपेक्षा जास्त लायब्रऱ्या निघाल्या. नवा अंक कुणीच घेत नव्हतं, पण जुने अंक मजल्यामजल्यांवरून फिरत राहिले. एका अंकाचं शेवटचं पान कुणीतरी हरवलं होतं, तर एका मोठ्या मुलाने ते स्वतः चितारून डकवलं. आम्हाला ते मूळ पानाहून आवडलं.

ही भाड्याची परंपरा गिरणगावात कॉमिक्सने आणलेली नाही. ना. म. जोशींनी १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिच्या पहिल्या कामांत कामगारवस्तीतली वाचनालयं आणि फिरती ग्रंथालयं होती. पुस्तक विकत घेणं परवडत नाही, म्हणून पुस्तकानेच माणसाकडे जावं, ही कल्पना परळमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. तुम्ही हा दिवाळी अंकही कदाचित लायब्ररीच्या योजनेतूनच वाचत असाल. एकरकमी पैसे भरायचे आणि पुढचे तीन-चार महिने सगळे दिवाळी अंक पाळीपाळीने घरी न्यायचे, ही पद्धत दादर-परळच्या घराघरांत माहीत आहे. कॉमिक्ससाठी तशी सोय आज माझ्या पाहण्यात नाही.

नव्वदच्या दशकात इंद्रजालची जागा हिंदीने घेतली. दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६मध्ये नागराज आणला, त्याच्या पुढच्या वर्षी अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव आला, आणि १९९२मध्ये डोगा. कुत्र्याचा मुखवटा घालणारा हा डोगा मुंबईचा. त्याच्या पहिल्याच अंकाचं नाव ‘कर्फ्यू’ होतं. साधा अंक सात-आठ रुपयांना, विशेषांक त्याच्या दुपटीने. भाड्याने रुपयाला मिळायचा. महिन्याचा ‘सेट’ अशी भाषा तेव्हा रूढ झाली. एका महिन्यात इतके इतके अंक येणार, त्यांची मुखपृष्ठं शेवटच्या पानांवर, आणि पोरं त्यावर पैजा लावणार. केबल टीव्ही आला, मग मोबाईल आला, भाड्याची दुकानं एकेक करून रिचार्जची दुकानं झाली, आणि स्वस्त कागदावरच्या कॉमिक्सचा पाया गेला. राज कॉमिक्स आज घरातल्या वाटणीनंतर तीन भावांच्या तीन नावांनी चालतं. पुनर्मुद्रणं गुळगुळीत कागदावर येतात, छान दिसतात, आणि किंमत शेकड्यांत असते. जुनी कॉमिक्स आठवणारे चाळिशीतले लोक ती घेतात. त्यांना ती परवडतात.

या सगळ्या यादीकडे बघताना एक गोष्ट मला सलते. नागराजची सुरुवातीची चित्रं कुणाची? पुण्याच्या प्रताप मुळीकांची. राज कॉमिक्सचा तलवारबहाद्दर भोकाल दिलीप कदमांनी उभा केला. कितीतरी अंकांवर शाईकाम म्हणून विठ्ठल कांबळे हे नाव आहे. अनंत पै यांनी १९६७मध्ये अमर चित्रकथा सुरू केली, तिचा ११ क्रमांकाचा ‘कृष्ण’ हा अंक राम वाईरकरांनी चितारला, आणि भारतभरच्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर कृष्ण म्हटलं की जो निळा बालक उभा राहतो तो बराचसा वाईरकरांचा आहे. ‘टिंकल’ १९८०मध्ये निघालं. त्यातल्या सुपंदीला वाईरकरांनीच चेहरा दिला आणि त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकरांनी ते काम पुढे नेलं. शिकारी शंभूची डोळ्यांवर आलेली टोपी वसंत हळब्यांची, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा. या देशात कॉमिक्स म्हणून जे वाचलं गेलं त्याचा केवढा तरी भाग मराठी हातांनी काढलेला आहे.

आणि त्या मुलाच्या वहीत भाषेच्या रकान्यात मराठी कुठे आहे? फक्त अमर चित्रकथेच्या अनुवादित अंकांपुढे. दर महिन्याला वाट पाहावी अशी नवी, मूळ मराठी कॉमिक्सची मालिका त्याच्या यादीत आजवर आलेली नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१पासून ‘सकाळ’मधून घराघरांत गेला, त्याची पुस्तकं निघाली, चित्रपट निघाला. त्यातून दिसलं की मराठी वाचकाला चौकटीतली गोष्ट हवी आहे. पण ती रोजची चार चौकटींची पट्टी. तीस-चाळीस पानांची सलग साहसकथा, नायक-नायिका आपल्या गावातले, बोली आपली, ही जागा मोकळीच राहिली.

याचं कारण माझ्या मते पैशाच्या रचनेत आहे. मराठी पुस्तक मोठ्या प्रमाणात ग्रंथालयांच्या खरेदीवर जगतं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित ग्रंथालयं झाली आणि प्रकाशकाला पहिल्या आवृत्तीचा आधार मिळाला. कॉमिक्स त्या व्यवहाराच्या बाहेर राहिली. पातळ अंक, पिना उसवतात, पानं सुटतात, मुलं घरी ठेवून घेतात. ग्रंथपालाच्या दृष्टीने सगळी डोकेदुखीच. शिवाय कॉमिक्स म्हणजे मुलं बिघडवणारं वाचन, ही आपल्या शिक्षकांची आणि पालकांची जुनी समजूत. घरात पैसा कमी असतो तेव्हा ती समजूत आणखी घट्ट होते. गोष्टीच्या पुस्तकाला पैसे मिळतात, चित्रांच्या पुस्तकाला मिळत नाहीत. रंगीत छपाईचा खर्च मोठा, ग्रंथालय घेत नाही, पालक देत नाहीत, मग प्रकाशक कशाला हात घालील?

त्या मुलाबरोबर एका रविवारी मी माटुंग्याला गेलो. भोईवाड्यातून हिंदमाता, खोदादाद सर्कल करत आंबेडकर रस्त्याने किंग्ज सर्कल. तो हा रस्ता चालत जातो. ९ मे २०२५पासून बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. जाऊन-येऊन वीस रुपये त्याच्या वहीत मोठी रक्कम आहे. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे अभ्यासाच्या पुस्तकांच्या थप्प्या असतात, आणि मध्येच कुठेतरी खालच्या बाजूला कॉमिक्स. तो उकिडवा बसला आणि एक थप्पी खालून वर उलटी चाळू लागला. मी विचारलं, खालून का? म्हणाला, वरचे सगळ्यांनी बघितलेले असतात. ‘टिंकल’चे जुने अंक वीस-तीस रुपयांना होते. एका परदेशी मालिकेचा सुटा अंक, मुखपृष्ठ थोडं फाटलेलं, चाळीसला. पुस्तकवाल्याने पन्नास सांगितले होते. इंद्रजालचे दोन अंक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वेगळे ठेवलेले होते आणि त्यांची किंमत विचारल्यावर पुस्तकवाल्याने आधी आमच्या कपड्यांकडे पाहिलं. संग्राहक हजारांत पैसे मोजतात हे आता सगळ्या फुटपाथला ठाऊक झालंय. जे अंक आम्ही दहा पैशांत वाचले ते आता उघडून बघायलाही मिळत नाहीत.

परत येताना त्याने एक हिशेब मला समजावून दिला. तो पानाची किंमत काढतो. दोनशे रुपयांचं बत्तीस पानी भारतीय कॉमिक म्हणजे पानाला सव्वासहा रुपये. साडेचारशेचा दोनशे पानी मांगा म्हणजे सव्वादोन. मांगा काळ्या-पांढऱ्यात, साध्या कागदावर छापतात म्हणून हे जमतं. मी त्याला म्हटलं, पण मांगाचं पान तू किती वेळ बघतोस? प्रताप मुळीकांचं एक पान किती वेळ बघतोस? तो हिंदमाताच्या सिग्नलपर्यंत गप्प चालला आणि मग म्हणाला, “मग तासाची किंमत काढायला पाहिजे.” मला वाटतं त्या हिशेबात भारतीय चित्रकार जिंकतील. पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे. गोष्ट लांबवर न्यायची असेल, पात्रांना वाढू द्यायचं असेल, तर पानं लागतात, आणि स्वस्त कागदाशिवाय ती मिळत नाहीत. जपानने ते ओळखलं. आपल्याकडेही साठ पैशांच्या अंकाला ते कळलं होतं.

जपानने आणखी एक गोष्ट केली. शुएशा या प्रकाशनसंस्थेने जानेवारी २०१९मध्ये ‘मांगा प्लस’ काढलं. मालिकेची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं कुणालाही फुकट वाचता येतात, जपानमध्ये येतात त्याच क्षणी. जपानमध्ये सोमवार उजाडतो, म्हणजे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रविवारचे साडेआठ वाजलेले असतात. आमच्या मजल्यावर त्या वेळी तीन-चार मुलं जिन्यात एका फोनभोवती बसलेली दिसतात. चोरून स्कॅन केलेल्या प्रती त्यांना सहज मिळतात, आणि जे सरळ मार्गाने मिळत नाही ते मुलं तसंच वाचतात. पण जिथे सरळ मार्ग फुकट आणि वेळेवर आहे तिथे ती त्याच मार्गाने जातात, हे मी पाहिलं आहे. जे फुकट वाचून मन भरत नाही त्याचाच खंड मग वहीत चढतो.

टपालाचा रकाना हा स्वतंत्र विषय आहे. पुस्तकांवर जीएसटी नाही, पण दोनशेच्या अंकाला साठ-सत्तर रुपये कुरिअर लागलं की सवलतीचा अर्थ उरत नाही. रजिस्टर्ड बुकपोस्ट ही छोट्या प्रकाशकांची जीवनवाहिनी होती. टपाल खात्याने ती डिसेंबर २०२४मध्ये बंद केली. त्यानंतर १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये. दर चांगले आहेत. सेवा मात्र शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे आणि नियतकालिकांना ती लागू नाही. चित्रकथेला खिडकीवर कशात मोजायचं याचा खुलासा खात्याने करावा आणि तो चित्रकथेच्या बाजूने करावा. एका अंकाचं वजन शंभर-दीडशे ग्रॅम. वीस रुपयांत तो गडचिरोलीला आणि सावंतवाडीला गेला पाहिजे.

मार्ग नाही असं मुळीच नाही. तमिळनाडूतल्या शिवकाशीत, जिथे फटाके आणि कॅलेंडरं होतात, तिथे १९७२मध्ये मुथू कॉमिक्स आणि १९८४मध्ये लायन कॉमिक्स सुरू झालं. बाप-लेकांनी चालवलेलं हे काम आजही चालू आहे. इटलीचा टेक्स, बेल्जियमचा लकी ल्यूक तमिळ बोलतात. वर्षाची यादी आधी जाहीर होते, वाचक वर्षाची वर्गणी भरतात, आणि त्या वर्गणीवर छपाई होते. आगाऊ पैसे इथेही घेतले जातात, पण वाचकाला वर्षभरात काय मिळणार ते ठाऊक असतं आणि अंक येत राहतात.

आपल्याला तर हे परकं नसावं. प्रकाशनपूर्व सवलत हा मराठी वाचकाचा कितीतरी पिढ्यांचा व्यवहार आहे. कितीतरी जाड ग्रंथ मध्यमवर्गीय कपाटांत आले ते आगाऊ पैसे भरून. ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ १९७४मध्ये सुरू झाली ती याच विश्वासावर, की वाचक एकत्र आले तर पुस्तक स्वस्त करता येतं. दया पवारांचं ‘बलुतं’ त्या चळवळीतून १९७८मध्ये आलं. कादंबरी आणि आत्मचरित्रासाठी जे जमलं ते मराठी चित्रकथेसाठी कुणी करून पाहिल्याचं मला माहीत नाही. वर्षाला सहा अंक, काळे-पांढरे, साधा कागद, वर्गणी आगाऊ, यादी जानेवारीत जाहीर, आणि ग्रंथालयांना शिवलेल्या बांधणीची वेगळी प्रत. चित्रकार आपल्याकडे आहेत. जे.जे. कला महाविद्यालयातून दर वर्षी बाहेर पडतात आणि जाहिरात किंवा ॲनिमेशनमध्ये जातात.

भोईवाड्यातल्या मुलांनी वाट न पाहता स्वतःपुरतं काम सुरू केलं आहे. पाच जणांनी भिशी लावली. प्रत्येकी दोनशे, म्हणजे महिन्याला हजार. वहीवाल्या मुलाची वैयक्तिक रक्कम त्यामुळे तीनशेवर आली, पण वाचायला तिप्पट मिळतं. अंक एकाच्या घरी राहत नाहीत. गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत वर्षभर ढोल आणि मांडवाचं कापड पडलेलं असतं, तिथल्या कपाटाचा एक कप्पा त्यांनी मागून घेतला. मंडळाच्या अध्यक्षांनी आधी कुरकुर केली. मग त्यांच्याच नातवाने ‘टिंकल’चा गठ्ठा घरी नेला, तेव्हा त्यांनी कुलूप आणून दिलं. नियम आहेत. नवा अंक आधी कोण वाचणार याची पाळी आहे. घरी नेला तर तीन दिवस. पान फाटलं तर पाच रुपये. जेवताना वाचायचा नाही, हा नियम त्याच्या बहिणीने घातला आणि सगळ्यांनी मान्य केला.

बहिणीचा मुद्दा आणखी एक होता. कपाटातलं सगळं इंग्रजी आणि हिंदी आहे, खालच्या मजल्यावरच्या दुसरी-तिसरीच्या मुलांनी काय वाचायचं? त्यावर बरीच हमरीतुमरी झाली. बॅटमॅनच्या संकलनासाठी दोन महिने पैसे साठवायचं ठरलं होतं, ते मोडायला दोघे तयार नव्हते. शेवटी हात वर करून मत घेतलं आणि तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. या महिन्यात अमर चित्रकथेचे मराठी अंक येतील, बॅटमॅन डिसेंबरात. हरलेल्या दोघांनी अट घातली, की मराठी अंक निवडताना चित्रकाराचं नाव बघायचं. ते मला विचारायला आले, तेव्हा मी त्यांना वाईरकर, मुळीक, कदम, हळबे ही नावं लिहून दिली.

नायगावला, शारदा थिएटरपाशी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ची संस्था, आमच्या इमारतीपासून पायी पंधरा मिनिटांवर. आपल्या कप्प्यातली यादी घेऊन तिथे जायचं आणि ‘बालविभागात चित्रकथा घेता का’ असं विचारायचं, असं त्या पाच जणांनी ठरवलंय. अर्ज मराठीत लिहून हवा होता म्हणून माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, तुम्हीच लिहा, मी शुद्धलेखन तपासतो. मसुदा तयार आहे. त्यात त्यांनी मागितलेल्या पुस्तकांची नावं आहेत, किमती आहेत, आणि कोणतं आधी घ्यावं याचा क्रम लावलेला आहे.